हनोईला जाताय? बूट पायातच ठेवा

9 लाख 80 हजार व्हिएतनामी डोंग. आपले साधारण सव्वातीन हजार रुपये. आकडा सांगितला की लोक म्हणतात, "एवढंच ना?" म्हणा. पण डोंबिवली लोकलमध्ये वीस वर्षं लोंबकळूनही पाकीट कधी न गेलेला माणूस मी, आणि मला एका बूट शिवणाऱ्याने भरदिवसा टोपी घातली.

होआन कियम तळ्याजवळच्या एटीएममधून 20 लाख काढले होते. पाच-पाच लाखांच्या चार करकरीत नोटा, बाकी पाकिटात डोंगचा कपटा नाही. (हे लक्षात ठेवा, मी ठेवलं नाही.) बायको फुटपाथवर एका आजीबाईंच्या चहाच्या टपरीवर टेकली. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, बर्फ घातलेला कोरा चहा, 'चा दा' म्हणतात. मी उभाच होतो. एक जण माझ्या बुटाकडे बोट दाखवत आला. मी "नो, नो" म्हणेपर्यंत तो खाली बसला, सोल्युशन लावलंसुद्धा, बूट उपसून घेतला आणि पायात स्वतःची रबरी चप्पल सरकवली. एका बुटावर कुठे पळणार?

किंमत विचारली तर पाच बोटं. तिथे बोलताना हजार खातात, पन्नास म्हणजे पन्नास हजार. मग पाच बोटं म्हणजे 50 हजारच समजणार ना कोणीही?

आणि त्या आजीबाई! पंजा वर करून, बोटं फाकवून मनगट सारखं गर्रगर्र फिरवत होत्या. मला वाटलं, चहा संपला म्हणतायत. मी हसून मान डोलावली. डोलावली हो! तो हात म्हणजे त्यांच्याकडे 'नाही'. बाई जीव तोडून सांगत होती, नको, आणि मी शहाणा दात काढत होतो.

काम झाल्यावर फोनवर आकडा: 500000. दहा मिनिटं वाद घातला. बूट त्याच्या मांडीखाली. बायको म्हणाली, "द्या आणि चला, लोक बघतायत." पाच लाखांची नोट दिली. तो जरा वळला, परत हात पुढे, हातात वीस हजाराची. "ट्वेंटी! यू गिव्ह ट्वेंटी!" दोन्ही नोटा निळसर, प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. मी ओशाळलो, सॉरी म्हणालो (सॉरी!), वीसची परत घेतली आणि दुसरी पाच लाखांची दिली. वीसची माझ्याकडे आलीच कुठून, हे कळलं चहाचे दहा हजार देताना. तोवर तो गायब. आजीबाईंच्या नातवाने फोनवर भाषांतर करून दाखवलं: "बा म्हणते, मी सांगत होते." बा म्हणजे आजी.

नोटा उलट्या करून बघत जा, वीस हजारावर होइ आन शहरातला जपानी पूल आहे. पाच लाखांची वेगळ्या कप्प्यात ठेवा. भाव सगळ्या शून्यांसकट लिहून घ्या.

मग पोलीस चौकी. तिथला साहेब फोनच्या भाषांतरातून विचारतो, त्या माणसाचं नाव काय? अरे, नाव-पत्ता विचारून कोणी लुबाडून घेतं का? कागद दिला तो व्हिएतनामीत. भरायला माणूस उद्या येईल. उद्या गेलो, तो परवा येणार, आणि परवा आमची निन्ह बिन्हची बस. हॉटेलवाली पोरगी म्हणाली, "त्या बूटवाल्यासाठी तुम्ही थांबलात कशाला?" इथे विमा कंपनीला फोन केला, तर म्हणे पोलिसांचा शिक्क्याचा कागद आणा, शिवाय अमुक डॉलरच्या खालचा दावा आम्ही घेतच नाही. मग आधी कागद कशाला मागितला?

थांबू नका. हात लावला तर पाय मागे ओढा, ओरडा, लाज बाळगू नका.

निन्ह बिन्हला हांग मुआ डोंगराच्या पायऱ्या चढताना त्याच बुटाचा तळ उघडला. तो आधी फाटलेलाही नव्हता.