लाल पेशीचा लवचिकपणा मोजायचा: गाळणी की लेझर?

एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या ज्युनिअरने विचारलं, कॅल्शियम वाढवून लाल पेशी किती कडक होतात ते फिल्टरने मोजू की एक्टासायटोमीटरने (पेशी ताणून लेझरने बघणारं मशीन)?

आधी घोळ कशाचा ते बघ. निरोगी पेशीत मोकळं कॅल्शियम प्लाझ्माच्या दहा हजार पट कमी असतं, पेशीच्या आवरणातला पंप ते सतत बाहेर फेकत असतो. ते आत वाढलं की गार्डोस चॅनल, म्हणजे आवरणातली पोटॅशियमची वाट, उघडते (१९५८ पासून माहीत असलेली भानगड), पोटॅशियम बाहेर, मागोमाग पाणीही बाहेर, पेशी आक्रसते आणि आतलं हिमोग्लोबिन काकवीसारखं घट्ट होतं.

खर्चात फिल्टर स्वस्तच, ५ मायक्रॉन छिद्रांचा पडदा आणि थोडा प्रेशर, झालं. पण पांढऱ्या पेशी नीट काढल्या नाहीत तर त्याच छिद्रात बसतात आणि तू कॅल्शियमला दोष देत बसतोस, माझा अख्खा आठवडा असाच गेला.

लेझरचं मशीन महाग, पण पेशी ताणल्यावर लेझरचा गोल ठसा लंबगोल होताना दिसतो, आणि ऑस्मोलॅलिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) बदलत नेली तर पाणी गेल्यामुळे कडक झाली की पेशीचं आवरणच कडक झालं याचा बराच अंदाज येतो. फिल्टर हे सांगतच नाही, तिथे पोटॅशियम बाहेर जाऊ नये म्हणून जास्त पोटॅशियमच्या बफरमध्ये (द्रावणात) वेगळा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, लावावा लागतो.

आणि हो, कॅल्शियम घालायच्या आधी ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून नळीत असतो तो) धुऊन काढ, नाहीतर तोच सगळं कॅल्शियम पकडून ठेवेल.

नुसतं कडक झाली की नाही एवढंच दाखवायचं तर फिल्टर पुरे, का झाली हे हवं असेल तर मशीन असलेली लॅब शोध.