कसाव्याच्या पिठाचं यंत्र, बायबॅकचा करार आणि माझे ८,६०,००० रुपये

यंत्रसंच ६,८५,०००. अनामत १,५०,०००. ‘नोंदणी शुल्क’ २५,०००. बेरीज ८,६०,००० रुपये, आणि त्यातला एक रुपयाही परत मिळालेला नाही. कसावा म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद. ‘यंत्र आमच्याकडून घ्या, पीठ आम्हीच विकत घेऊ’ असं म्हणणारे कसे असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. पण रीतसर करार होता, यंत्र डोळ्यांसमोर चालत होतं. आज ‘एवढी शिकलेली असून फसलीस कशी?’ विचारणाऱ्या नातेवाइकांनीच तेव्हा माहितीपत्रक वाचून ‘घे, घे’ म्हटलं होतं.

सगळं कळायला हवं होतं ते प्रात्यक्षिकाच्या दिवशीच. कंपनीचा माणूस म्हणाला, “ताई, एक टन कंदाला सहाशे किलो पीठ.” त्याच क्षणी त्याच्या मागे दाबयंत्रातून किसाचं पांढरट पाणी बदाबदा गळत होतं. बादली भरून वाहिली, पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं. मी पाय मागे घेतला आणि वहीत ६०० लिहिलं! ताज्या कंदात साठ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, वर सालीचं वजन जातं ते वेगळं. टनाला अडीचशे किलोच्या आसपास पीठ निघालं तरी पुष्कळ. आणि मी विचारलं नाही असं नाही. विचारलं, तर म्हणाला, “आमचं वाण वेगळं आहे.” कसाव्यात गोडं आणि कडू वाण असतात हे खरंच आहे, मग अविश्वास कशाच्या जोरावर दाखवायचा?

दुसरी लबाडी त्याहून साधी होती. किसणं, पिळणं सगळं दाखवलं, पण तो कीस ड्रायरमध्ये गेलाच नाही. “वाळायला वेळ लागतो, हे आधीचं तयार पीठ बघा,” म्हणत पिशवी पुढे केली. आपले कंद घेऊन जा, वजन करून आत घाला आणि पीठ बाहेर पडेपर्यंत तिथून हलू नका.

घरी आलेला ‘ड्रायर’ म्हणजे पत्र्याचं कपाट, एक पंखा आणि दोन कॉइल. कीस वरून कडक, आतून ओला. खाण्याच्या कसावा पिठासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा आहे: ओलावा १३ टक्के, हायड्रोसायनिक आम्ल (कंदातलंच विष) किलोला १० मिलिग्रॅम. किसून, पिळून, नीट वाळवल्याशिवाय ते विष जात नाही, आणि प्रशिक्षणात याबद्दल चकार शब्द नव्हता. किसणीच्या ड्रमला गंज चढून पिठात तपकिरी ठिपके यायला लागले. अन्नाला लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा आहे का, हे बिलावर लिहून घ्या. कंद तर थांबतच नाहीत. काढल्यावर दोन-तीन दिवसांत आत निळ्या-काळ्या रेघा पडतात. ड्रायर अडला आणि ९०० किलो कंद खड्ड्यात टाकले.

पहिला माल ४१० किलो पाठवला. ओलावा १६ टक्के, म्हणून नाकारला. माझ्याच पैशांनी घेतलेल्या त्यांच्याच ड्रायरमधून निघालेला माल! करारातलं कलम ९ तेव्हा वाचलं: ‘दर्जा ठरवण्याचा अंतिम अधिकार कंपनीचा.’ मग फोन बंद.

पोलीस म्हणाले, करार आहे म्हणजे दिवाणी मामला, कोर्टात जा. वकील म्हणाले, आधी पोलिसांत तक्रार नोंदवून आणा. ग्राहक तक्रारीला गेले तर यंत्र धंद्यासाठी घेतलं, म्हणून मी ग्राहकच नाही! कृषी खात्यातल्या साहेबांनी, ‘आमच्या योजनेतलं नाही’ म्हणून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. वर मलाच शहाणपण शिकवलं, ‘चौकशी करून घ्यायचं होतं.’ अहो, चौकशीला तुमच्याच कार्यालयात आले होते, तेव्हा ‘धंदा चांगला आहे’ कोण म्हणालं? बँकेला मात्र हप्त्याची तारीख बरोबर आठवते. पोच दिल्याशिवाय कुठल्याही टेबलावर मूळ कागद ठेवू नका. माझी अनामतीची पावती अशीच एका फाइलमध्ये गेली ती गेलीच.

रोख मागितली तर उठून या. आधी पीठ घेणारी बेकरी किंवा कारखाना स्वतः शोधा, यंत्राचं नंतर बघा. नुसत्या कसावा पिठाला ग्लुटेन नसतं, गव्हाच्या पिठासारखं ते फुगत नाही. किती मिसळणार, महिन्याला किती घेणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

जाहिरात अजून चालू आहे. नाव बदललंय, फोटोतलं यंत्र तेच आहे, सहाशे किलोही तेच. अनामत मात्र आता २,००,००० केली आहे.