ई-रीडर पडून नाही, दबून गेला: दोन मशीनचा अनुभव

माझा पहिला ई-रीडर (ई-पुस्तकं वाचायचं मशीन) अकरा महिन्यांत गेला. पडला नाही, भिजला नाही. सकाळची डोंबिवली लोकल, सॅक नेहमीसारखी पोटाशी धरलेली, आत स्टीलचा डबा आणि त्याला टेकून ई-रीडर, तोही पातळ रबरी कव्हरमध्ये. ठाण्याला आत घुसलेल्या लोंढ्याने डबा आणि मी यांच्यामधे त्याचा पापड केला, पण हे कळलं ऑफिसात. वरच्या अर्ध्या भागात आदल्या रात्रीचं पान जसंच्या तसं, खाली नुसत्या उभ्या रेघा. मला वाटलं हँग झालाय, म्हणून बटण दाबून दाबून रीस्टार्ट करत बसलो. वरून हात फिरवला तर साधा ओरखडा नाही हो.

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला "फिजिकल डॅमेज", म्हणजे वॉरंटी गेली. मी भांडलो, मग घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की माणूस चुकीचं बोलत नव्हता. ई-रीडरच्या ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या कणांच्या बारीक बारीक कॅप्सूल असतात, त्यांच्या खाली ट्रान्झिस्टरचा, म्हणजे ते कण हलवणाऱ्या बारीक स्विचांचा थर, आणि तो थर बहुतेक मॉडेलमध्ये पातळ काचेवर असतो. तडकते ती ही आतली काच. शिवाय आलेलं चित्र टिकवायला या पडद्याला वीज लागतच नाही, पान बदलायलाच लागते, म्हणून मेलेल्या भागावर जुनं पान तसंच राहतं आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. काही मॉडेलांत काचेऐवजी प्लास्टिकचा थर असतो, पण माझ्या बजेटात तेव्हा तसं काही मिळालं नाही.

दुसरा घेऊन आता सोळा महिने झाले. कडक पुठ्ठ्याचं मिटणारं कव्हर पहिल्याच दिवशी घेतलं, आणि डबा वेगळ्या पिशवीत (बायको हसते, हसू दे). पडदा ठणठणीत आहे.

बॅटरी मात्र उतरलीय. रोज तासभर वाचन, लाइट मध्यम, वायफाय बंद, असं सुरुवातीला चार आठवडे जायचं, आता अडीच. मे महिन्यात गावी जाताना जवळजवळ रिकामाच ड्रॉवरमध्ये टाकला आणि महिन्याने आलो तर पडदा हूं की चूं करेना. चार्जरला लावून पाऊण तास काहीच नाही, जीव टांगणीला, मग आला एकदाचा. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी ठेवू नये हे मोबाइलमुळे माहीत होतं तरी केलंच. आता थोडी चार्ज करून ठेवतो.

हा दुसरा आयपीएक्स८ (पाण्यापासून बचावाचा दर्जा) आहे, पेटीवर गोड्या पाण्यात २ मीटर, ६० मिनिटं असं लिहिलंय. बुडवून बघायची हौस नाही, पण जुलैत प्लॅटफॉर्मवर दोनदा चांगला भिजला आणि चालू राहिला. गंमत म्हणजे पडद्यावर थेंब पडले की टचला ते बोट वाटतं, आपोआप पानं उलटतात, सात-आठ पानं पुढे गेलो होतो. ओला असताना चार्जिंगला लावत नाही. टाइप-सी पोर्ट अजून घट्ट आहे, जुन्याचं मायक्रो यूएसबी सहाव्या महिन्यातच सैल झालं होतं, वायर एका कोनात धरून चार्ज करायचो.

एक तक्रार आहे. पाठीचा मऊ रबरी थर मुंबईच्या दमटपणात चिकट व्हायला लागलाय, कोपऱ्यात धूळ धरते. पुसून जात नाही, स्पिरिट लावलं तर रंगच निघेल अशी भीती वाटते. कोणी काढलाय का तो थर, कशाने?