‘ओडेसी अँड ओरॅकल’ची मोनो रेकॉर्ड: आठ महिन्यांनंतर

साठच्या दशकातल्या झॉम्बीज या इंग्लिश पॉप बँडची ही रेकॉर्ड मी खरं तर एकाच गाण्यासाठी घेतली. ‘टाइम ऑफ द सीझन’. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. पहिला महिनाभर सुई थेट तिथेच ठेवायचो आणि ते संपलं की रेकॉर्ड पाकिटात. बाकीची अकरा गाणी कळायला दिवाळी उजाडली.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स आहे, तिथली ही पाच तरुण मुलं. १९६४ मध्ये त्यांनी त्या भागातली बीट ग्रुप्सची स्पर्धा जिंकली, डेका या रेकॉर्ड कंपनीने करार केला, आणि त्यांच्यातल्याच रॉड अर्जंटने लिहिलेलं ‘शीज नॉट देअर’ अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी ‘टेल हर नो’ सहाव्या. इंग्लंडमध्ये मात्र बाराव्याच्या वर ते कधीच चढले नाहीत, आणि त्यानंतरच्या सिंगल्स एकामागून एक पडत गेल्या.

ही रेकॉर्ड १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, म्हणजे पडत्या काळात. सीबीएस या नव्या कंपनीने हजार पौंड दिले होते. बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’ नुकतंच संपलं होतं आणि हे ॲबी रोडच्या स्टुडिओत शिरले. पैसे मोजके, म्हणून गाणी आधीच घोटून पक्की बसवलेली. ते ऐकू येतं. ‘चेंजेस’मध्ये सगळे एकत्र गातात तेव्हा एकही सूर चाचपडत नाही. ‘बुचर्स टेल’ पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचं आहे. ते बास वाजवणारा ख्रिस व्हाइट स्वतः गातो, साथीला हार्मोनियम. नाट्यसंगीतातली पायपेटी कानात असलेल्याला तो भात्याचा श्वास लगेच ओळखू येईल, फक्त इथे तो अंगावर काटा आणतो. हे गाणं मी रात्री लावत नाही.

मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) की स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाटांनी)? माझ्याकडे आधी स्टिरिओ होती, ती आता पडून असते. कंपनीला स्टिरिओ मिक्सही हवं होतं आणि त्याचा खर्च अर्जंट आणि व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून केला, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही. पण ‘धिस विल बी अवर इयर’मधली ब्रास वाद्यं मोनो मिक्स करतानाच थेट वाजवली होती, मूळ टेपवर ती नाहीतच, त्यामुळे त्यांचं खरं स्टिरिओ होऊच शकत नाही. मोनोमध्ये गायक कॉलिन ब्लनस्टोनचा धुरकट आवाज मधोमध येतो, बास आणि ड्रम्स त्याला अगदी चिकटून.

तक्रार एकच. पहिली प्रत वाकलेली आली, दुकानदाराने बदलून दिली, त्यात तीन आठवडे गेले. आलेल्या प्रतीत दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत थोडी खरखर आहे. आठ महिन्यांत ती वाढलेली नाही.

मुखपृष्ठावर ‘ओडेसी’चं स्पेलिंग चुकलेलं आहे, ते चित्रकाराच्या हातून गेलं. कोणी हटकायच्या आत ग्रुपच राहिला नव्हता. १९६७ च्या अखेरीस तो मोडला. गाणी लिहिणाऱ्या दोघांना रॉयल्टी होती, उरलेल्या तिघांचं कार्यक्रमांच्या बिदागीवर भागत नव्हतं. रेकॉर्ड बाजारात आली ती एप्रिल १९६८ मध्ये. अल कूपर या अमेरिकन संगीतकाराने हट्ट धरला म्हणून अमेरिकेत निघाली, आणि १९६९ मध्ये ‘टाइम ऑफ द सीझन’ तिथे तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. तोवर ब्लनस्टोन विम्याच्या कचेरीत नोकरी करून आला होता. अमेरिकेत झॉम्बीजच्या नावाने भलतीच मुलं कार्यक्रम करत फिरत होती. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

‘टाइम ऑफ द सीझन’ रेकॉर्ड होताना अर्जंट सतत सूचना देत होता. वैतागून ब्लनस्टोन म्हणाला, एवढं येतंय तर तूच ये आणि गा. हे कळल्यापासून त्या आवाजातला ताण मला स्पष्ट ऐकू येतो. पण आता त्या गाण्यापर्यंत मी सुरुवातीपासून येतो. पहिल्या बाजूवर ‘केअर ऑफ सेल ४४’, तुरुंगातून सुटणाऱ्या प्रेयसीला लिहिलेलं इतकं आनंदी पत्र, मग मधली सगळी गाणी, आणि मग ते.