सुई घोट्याला, बिल भलत्याच तपासणीचं

अमेरिकेत तुमचे आईवडील मेडिकेअरवर, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर असतील, तर त्यांच्या लघवीच्या तक्रारीची बिलं ओळ न ओळ वाचा. या दुखण्याबद्दल घरात कुणी बोलत नाही आणि लबाड दवाखान्यांचं त्यावरच फावतं.

आईला लघवीची घाई आवरायची नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, म्हणून इथे न्यू जर्सीतल्या एका दवाखान्याने घोट्याजवळच्या नसेला सुईतून सौम्य वीज देण्याचा उपचार सुचवला. आठवड्यातून एकदा, अर्धा तास, असं १२ वेळा. उपचार खरा आहे, बिलात त्याचा कोड ६४५६६. आईला थोडा गुणही आला.

पुढे दुसऱ्या युरॉलॉजिस्टने जुन्या नोंदी पाहून विचारलं, “यांची स्फिंक्टरची ईएमजी इतक्या वेळा झालीय, रिपोर्ट कुठे आहेत?” स्फिंक्टर म्हणजे लघवी-शौच रोखून धरणारे स्नायू आणि ईएमजी म्हणजे त्यांच्यातल्या विद्युत संदेशांची तपासणी. रिपोर्ट नव्हतेच. मेडिकेअरच्या साइटवर आईचं खातं उघडलं, तर प्रत्येक भेटीला ५१७८४ आणि ९०९१२ हे कोडही लावलेले. पहिला मूत्रमार्गाच्या किंवा गुदद्वाराच्या स्नायूंच्या ईएमजीचा. दुसरा त्याच स्नायूंच्या बायोफीडबॅकचा, म्हणजे यंत्रावर स्नायूंचं काम दाखवत ते आवरायला शिकवण्याचा, ज्यात ईएमजी धरलेलीच असते. म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे, तेही दोनदा! या तपासणीला इलेक्ट्रोड त्या जागी लावावे लागतात. आईने सलवार घोट्याच्या वर चार बोटं सारण्यापलीकडे काही केलं नव्हतं. “मला तिथे कुणी हातसुद्धा लावला नाही गं,” एवढं सांगतानाही ती अवघडली.

कागदपत्रं मागवली. त्यांत लिहिलेलं, ‘चार आठवडे केगल व्यायाम (ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा) करूनही उपयोग नाही.’ बायोफीडबॅकचे पैसे द्यायला मेडिकेअरची हीच अट आहे. आईला तो व्यायाम कुणी शिकवलाच नव्हता. मला सगळ्यात जास्त चीड या ओळीची आली.

हे लक्षात का येत नाही? मंजूर रकमेच्या ८० टक्के मेडिकेअर देते, उरलेले २० आईची मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरला जोडून घेतलेली खासगी पॉलिसी. खिशातून काही जात नाही. शिवाय कुणी किती बिल लावलं ते कळवणाऱ्या मेडिकेअरच्या समरी नोटिशीवर ‘हे बिल नाही’ असं ठळक छापलेलं असतं.

दवाखान्याचं उत्तर होतं, “कोडिंगची चूक.” दर भेटीला तीच चूक, आणि दर वेळी त्यांच्याच फायद्याची? मी १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या नंबरवर तक्रार केली. प्रत्येक राज्यातलं सीनियर मेडिकेअर पट्रोलही अशा कामात फुकट मदत करतं. तक्रारीला तारीख, कोड आणि प्रत्यक्षात काय केलं ते लागतं. तेव्हा आईला, सासूबाईंना दवाखान्यातून आल्याच दिवशी विचारून लिहून ठेवा: काय लावलं, कुठे लावलं, किती वेळ.