जोडीदाराला अल्झायमर: शुश्रूषेचा पैसा मेडिक्लेममधून, व्याजातून की राहत्या घरातून?

नवऱ्याला किंवा बायकोला अल्झायमर, पार्किन्सन्ससारखा वाढत जाणारा आजार असला की औषधांचा खर्च त्या मानाने आटोक्यात राहतो. पैसा जातो तो सांभाळणाऱ्या माणसावर, आणि तोही वर्षानुवर्षं. म्हणून आधी महिन्याचं गणित मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे आपल्या गावचा दर घाला.

चोवीस तासांच्या मावशी २५,००० रुपये. दिवसाला ४ डायपर, एकाला ४५ रुपये, म्हणजे ५,४००. औषधं ४,०००. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, ५०० प्रमाणे ६,०००. एकूण ४०,४००. यात मावशींचं जेवण, ब्यूरोची फी आणि त्या गावी गेल्यावर येणाऱ्या बदली बाईचा जादा रोज धरलेला नाही. आणखी एक गोष्ट हमखास निसटते. चोवीस तासांची मावशी चोवीस तास जागी राहू शकत नाही. रुग्ण रात्री तीन-चारदा उठून दार उघडायला लागला की दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोघी ठेवाव्या लागतात आणि हिशेब एकदम वर जातो. घर की शुश्रूषा केंद्र, हा प्रश्न बहुतेक घरांत याच टप्प्यावर येतो.

केंद्राचा महिन्याचा आकडा घरच्यापेक्षा कमी दिसला तर लगेच हुरळून जाऊ नका. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, दवाखान्याची फेरी हे त्यात आहे की वर, ते लेखी घ्या. अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळते, हेही विचारा. नाकातून नळी घातल्यावर किंवा अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का आणि तेव्हा दर किती होतो, हा प्रश्न तर पहिल्याच भेटीत विचारावा.

आता हा पैसा आणायचा कुठून?

मेडिक्लेम. बहुतेकांची भिस्त यावर असते, आणि याच कामाला तो येत नाही. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत अंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडवणं-फिरवणं अशी देखभाल स्पष्टपणे वगळलेली आहे, मग ती घरी होवो वा नर्सिंग होममध्ये, प्रशिक्षित नर्सने केलेली असली तरी. पडून खुब्याचं हाड मोडलं, छातीत संसर्ग झाला, तर पॉलिसी उपयोगी पडते. म्हणून ती बंद मात्र करू नका. सत्तरी ओलांडलेल्यांचं ५ लाखांचं आयुष्मान कार्डही रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठीच आहे. ते जरूर काढा, पण मावशींचा पगार त्यातून निघणार नाही.

व्याज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये येतात. दोघांचीही स्वतंत्र खाती पूर्ण भरलेली असतील तर ४१,०००, म्हणजे वरचा खर्च जेमतेम भागतो. हा सगळ्यांत निर्धोक मार्ग. खोट दोन ठिकाणी आहे. दर पाच वर्षं बांधलेला असतो आणि मावशींचा पगार दरवर्षी वाढतो. शिवाय सगळं व्याज आजाऱ्यावर गेलं तर मागे राहणाऱ्याचं काय? साठीतल्या बाईपुढे अजून पंचवीस वर्षं असू शकतात. तिच्या वाट्याची एक ठेव सुरुवातीलाच बाजूला काढावी आणि तिला हात लावू नये.

रिव्हर्स मॉर्गेज. मालकीचं घर बँकेकडे गहाण, आपण त्यातच राहायचं, बँक दरमहा पैसे देते. जोडप्यातला एक किमान ६० वर्षांचा आणि दुसरा ५५ चा हवा. मिळणारी रक्कम आयकरासाठी उत्पन्न धरली जात नाही. लोक चकतात ते मुदतीत. समजा घर ८० लाखांचं आहे आणि व्याजासकट कर्ज ६४ लाखांवर थांबायचं आहे, दर १० टक्के. मुदत २० वर्षांची घेतली तर महिन्याला साधारण ८,४०० मिळतात. १० वर्षांची घेतली तर ३१,२००. व्याजावर व्याज चढत असल्याने लांब मुदतीत हातात फारच थोडं येतं. मुदत संपली की हप्ता थांबतो, घर मात्र दोघांच्या हयातीपर्यंत राहायला असतं. पुढे वारसांना कर्ज फेडून ते सोडवता येतं. निरोगी जोडीदाराचं नाव सहकर्जदार म्हणून असलंच पाहिजे. एक केंद्रात गेला आणि दुसरा घरात राहिला तर कर्ज चालू राहतं. दोघांनीही घर कायमचं सोडलं की वसुली सुरू होते. पागडीच्या जागेवर हे मिळत नाही, आणि सोसायटीचे कागद अपुरे असले तर महिनोन्महिने लटकतं.

मोठं घर विकून लहान घेणं. मुलं परदेशात असतील आणि तीन खोल्या नुसत्या झाडायला उरल्या असतील, तर आमच्या मते रिव्हर्स मॉर्गेजपेक्षा हे बरं: रक्कम एकदम हाती येते आणि व्याज चढत नाही. नवीन घरात गुंतवलेल्या नफ्यापुरती भांडवली नफाकरातून सूटही मिळते. पण डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, रुग्णाला जागा बदलली की संडास कुठे हेही सापडत नाही. तेव्हा हलायचं तर लवकर, त्याला नवीन वाट पाठ होईल अशा काळात.

पैसे कमी पडले म्हणून घर आधीच मुलाच्या नावे करून ‘आता तूच बघ’ म्हणणं हा पर्याय आम्ही तरी सुचवणार नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, त्यामुळे मोह होतो. द्यायचंच असेल तर सांभाळण्याची अट दस्तातच लिहून घ्या. मुलाने सांभाळलं नाही आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीस रद्द करून घ्यायचं झालं तर ती कामी येते.

यातला कुठलाही मार्ग निवडा, अडतं ते सहीवर. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि त्याची समज गेली असेल, तर विक्रीही होत नाही आणि गहाणही पडत नाही. ‘कुलमुखत्यारपत्र केलंय की’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडच्या करार कायद्याप्रमाणे, ज्याने ते दिलं त्याचं मानसिक संतुलन गेलं की तो अधिकारही संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते बाद होतं. ‘दोघांपैकी कोणीही एक’ असं असलेली संयुक्त मुदत ठेवसुद्धा मुदतीआधी मोडायला, आधी लेखी संमती दिलेली नसेल तर, बँक दोघांच्या सह्या मागते. ती संमती आजच बँकेत देऊन ठेवा.

समज शाबूत असताना दस्त करायचा असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. चालता येत नसेल तर दुय्यम निबंधकांकडे गृहभेटीचा अर्ज करता येतो. अधिकारी घरी येऊन रुग्णालाच विचारतात, तेव्हा उत्तर त्याने स्वतः द्यायला हवं.

वेळ निघून गेली असेल तर वाट उच्च न्यायालयाची. पालक म्हणून नेमणुकीसाठी तिथे रिट अर्ज करावा लागतो. न्यूरॉलॉजिस्टचे अहवाल, मालमत्तेची यादी आणि मुलांची ना-हरकत सोबत लागते. मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या नवऱ्यांसाठी बायकांना असा अधिकार दिलेला आहे. मात्र वकिलाची फी आणि लागणारे महिने हिशेबात धरा, आणि तेवढ्या काळाचा खर्च भागेल इतकी रक्कम निरोगी जोडीदाराच्या एकट्याच्या खात्यात आधीपासून ठेवा.