गिटारसाठी घेतला, ड्रमसाठी ऐकतोय

आमच्याच भागातल्या एका ब्लूज-रॉक बँडचा हा पहिला अल्बम. घेऊन नऊ महिने झाले. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर बरीच आहे आणि चौघंही येता-जाता भेटणारी माणसं आहेत. दहा गाणी, 43 मिनिटं, सगळी त्यांची स्वतःची. गिटार वाजवणाराच गातो, एक जण खर्जाचे सूर देणाऱ्या बासवर, एक माउथ ऑर्गनवर आणि ड्रमवर एक मुलगी.

कार्यक्रम ऐकला, चौथ्या गाण्यातल्या गिटारने वेड लावलं, त्याच रात्री अल्बम विकत घेतला. पहिले दोन आठवडे तेच एक गाणं चालू होतं. सात मिनिटांचं गाणं, त्यात जवळजवळ तीन मिनिटांचा सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने पुढे येऊन वाजवायचा तुकडा. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं, की सोलो आला की माझं बोट आपोआप पुढच्या गाण्याकडे जातंय.

स्टेजवर वाजवणाऱ्याचा हात दिसतो, ताणलेली तार दिसते, ॲम्प्लिफायरचा दणका छातीत बसतो. घरी उरतात फक्त सूर, आणि ब्लूजमध्ये सूर मोजकेच. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी रागाचेच म्हणा, वर जाता-येता लागणारा तीव्र म. एवढ्याशा भांडवलावर माणूस काय करतो ते सुरांच्या मधल्या वाटेवर ठरतं. तार ओढून गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लटकत ठेवायचा आणि तिथेच थांबायचं, यात या संगीताचा अर्धा जीव आहे. आमचा गिटारवाला स्टेजवर थांबतो. स्टुडिओत त्याला कसली घाई झाली होती कोण जाणे, एक जागा म्हणून रिकामी सोडलेली नाही. पहिल्या ऐकण्यात ती तयारी वाटते. पन्नासाव्यांदा दम लागतो.

नऊ महिने टिकलाय तो ठेका. शफल म्हणतात त्याला: प्रत्येक मात्रेचे तीन भाग, पहिल्यावर आणि तिसऱ्यावर आघात, मधला मोकळा. कागदावर एवढंच. पण तो तिसरा आघात नेमका किती उशिरा पडतो यावर सगळा मामला असतो. अगदी मोजून मापून टाकला तर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. ही मुलगी दुसऱ्या गाण्यात तो इतका मागे ओढते, की आता पुढची मात्रा चुकणार असं वाटावं, आणि चुकत मात्र नाही. सहाव्या गाण्यात तेच दोन आघात जवळजवळ सारख्या अंतरावर आणते आणि गाणं रॉककडे झुकतं. अल्बम क्लिकशिवाय, म्हणजे कानात लय मोजणारी टिकटिक न लावता, वाजवलेला आहे. मी एकदा रिकामपणी मोजलं: दुसरं गाणं मिनिटाला 112 मात्रांवर सुरू होतं आणि 118 वर संपतं. याला कुणी दोष म्हणेल. मला तर ती चढलेली लय हीच त्या गाण्याची गोष्ट वाटते. खाली बासवाला एकेक सूर पायरीसारखा ठेवत चालतो, कुठेही पुढे पुढे करत नाही. कार्यक्रमात त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. आता सगळ्यात जास्त त्यालाच ऐकतो.

घरच्यांचं मत पहिल्याच दिवशी झालं होतं: "सगळी गाणी सारखीच आहेत." तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आठ गाणी बारा बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) आवर्तनात आहेत हे खरंच. साथ चार बार सा वर, दोन मध्यमावर, दोन पुन्हा सा वर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन परत फिरायला. शब्दांचाही साचा ठरलेला: एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत फिरवायची. पण ओवीचाही साचा ठरलेला असतो, म्हणून सगळ्या ओव्या सारख्या होत नाहीत. उलट कान साचा धरून बसलेला असतो म्हणूनच बारीकसा फरकही मोठा वाटतो. सहाव्या गाण्याच्या तिसऱ्या आवर्तनात अकराच बार आहेत. हे मला पाचव्या महिन्यात कळलं, तोवर तिथे दर वेळी नुसता ठेचकाळत होतो. जुना अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक जॉन ली हूकर तर असे बार मोजून वाजवायचाच नाही. मनात येईल तेव्हा पुढे सरकायचा आणि साथीदारांची तारांबळ उडायची. इथे मात्र मला ती रेकॉर्डिंगच्या कापाकापीतली चूकच वाटली.

शब्दांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. आगगाडी, चौरस्ता, सैतान. ब्लूज जिथे रुजलं त्या अमेरिकेतल्या मिसिसिपीतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचं सामान उचलून आणलंय आणि ते यांच्या अंगाला बसत नाही. अपवाद नवव्या गाण्याचा. रात्रपाळीहून सुटलेल्या माणसाची शेवटची बस चुकते आणि तो चालत निघतो, बस्स. गाणारा तिथे ओरडत नाही, बोलतो. अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं तेच.

रेकॉर्डिंग एकाच खोलीत, एकत्र वाजवून केलंय, फक्त गाणं नंतर घेतलंय. त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडलाय आणि मला ते आवडतं. हेडफोन लावून पाचवं गाणं ऐका. माउथ ऑर्गन थांबला, की त्याच्याच माइकमधून मागचा स्नेअर (ड्रममधला कडकडीत आवाजाचा ढोल) लांबून ऐकू येतो आणि खोलीचा आकार कळतो. गिटारचा ॲम्प्लिफायर मात्र दबकून वाजवल्यासारखा वाटतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा खरखरीत गोडवा त्याला पुरता ताणल्याशिवाय निघत नाही. 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या इंग्लिश ब्लूज बँडबरोबर वाजवताना गिटारवादक एरिक क्लॅप्टनने स्टुडिओतही स्टेजइतकाच आवाज ठेवायचा हट्ट धरला होता. असा हट्ट इथे कुणी धरलेला दिसत नाही.

माउथ ऑर्गनवाल्याने मात्र हट्ट सोडलेला नाही. गाणं ई या पट्टीत असेल तर तो ए पट्टीचा माउथ ऑर्गन घेतो, ब्लूजवाले घेतात तसाच, कारण मग श्वास आत ओढताना येणारे सूर वाकवता येतात. साधा माइक ओंजळीत धरून तो थेट ॲम्प्लिफायरमध्ये देतो. शिकागोच्या लिटल वॉल्टर या माउथ ऑर्गनवाल्याने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हीच वाट रुळवली. आठव्या गाण्यात तो एकच सूर चार बार धरून ठेवतो. गिटारवाल्याने हे गाणं रोज सकाळी ऐकावं.

आता मोठी तक्रार. मी आधी घेतलेल्या फाइलचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, चेचून चेचून केलंय. हळू आणि जोरात यातला फरकच काढून टाकलाय, चौथ्या गाण्यापर्यंत कान थकतात. बरं, त्याने साधलं काय? स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांचा आवाज एका पातळीला आणतात, साधारण उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक). म्हणजे तुम्ही मुद्दाम चढवलेला आवाज ते उतरवणार, आणि चेचलेपणा तेवढा उरणार. ज्यांनी हे काम केलं त्यांना हे माहीत नसेल असं वाटत नाही.

चार महिन्यांनी त्यांनी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढली. ती घेतली आणि सुटलो. मास्टरिंग वेगळं आहे, ड्रमला श्वास आलाय, दुसऱ्या गाण्यातला तो ओढलेला आघात आता दिसल्यासारखा ऐकू येतो. पण तिथेही एक गोची आहेच. शेवटचं संथ गाणं हळू हळू चढत मोठ्याने संपतं आणि ते तबकडीच्या अगदी मध्याजवळ येतं. तबकडीचा एक फेरा 1.8 सेकंदांचाच असतो, बाहेर असो की आत, पण आतल्या फेऱ्यात खाचेची लांबी निम्म्याहून कमी झालेली असते. तेवढ्या जागेत झांजांचे बारीक आवाज नीट मावत नाहीत आणि शेवट फाटका ऐकू येतो. ते गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवलं असतं तर चाललं असतं.

फोनच्या स्पीकरवर मात्र हा अल्बम ऐकूच नका. बासची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. एवढासा स्पीकर तिथवर पोचत नाही, मग उरतो तो फक्त सोलो.

मागच्या महिन्यात त्यांना पुन्हा प्रत्यक्ष ऐकलं. नंतर सामान आवरताना ड्रमवाल्या मुलीला त्या अकरा बारांबद्दल विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "तुम्ही मोजलेत? अहो, सगळे वाजवत होतो तेव्हा गाणारा खुणेपुरतं गुणगुणत होता, त्यात एक बार आधीच घुसला. बासवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि गेलो दोघं मागोमाग." मग पुन्हा का नाही वाजवलं, विचारलं. "वाजवलं ना, चार वेळा. बारा बरोबर आले, पण ठेका बसला नाही."